नवऱ्याची बेकारी आणि माझं महत्त्वाचं कारण

माझ्या नवऱ्याची नोकरी गेली आणि घरात सुख आलं. मला सोडून सगळ्यांना ते मिळालं.

झालं असं, की इथे जर्मनीत, हॅनोव्हरमध्ये मंदारच्या कंपनीनं त्याचं अख्खं डिपार्टमेंटच बंद केलं. त्याला रीतसर क्युंडिगुंग मिळाली, म्हणजे कामावरून कमी केल्याची नोटीस, आणि नोटिशीचे महिने संपल्यावर बेकारभत्ता सुरू झाला. पहिला आठवडा मी त्याला जपलं. मऊ भात केला, आवाज चढवला नाही (लग्नानंतर प्रथमच). पुढच्या आठवड्यात तो पोहायला जाऊ लागला. मग पीठ आंबवून घरीच पाव भाजू लागला. संध्याकाळी मी दमून यावं, तर घरभर पावाचा दरवळ आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर नुकतं केळवण झाल्यासारखं तेज!

आमची सई सहा वर्षांची. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. एका सकाळी मी तिची वेणी घालायला गेले, तर तिनं डोकं मागे घेतलं. "पापा कान दास बेसर," म्हणाली. म्हणजे, बाबाला हे जास्त चांगलं येतं. त्याच रविवारी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा बेकार झाला म्हणून त्या डोळे पुसतील अशी माझी अपेक्षा होती (खरं तर आशाच). पण मंदारची तब्येत किती सुधारली, रंग कसा उजळला, यावरच त्या बराच वेळ बोलल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "तू मात्र अगदी ओढलीयेस गं. जेवतेस ना?"

सोमवारी ऑफिसात फालतू गोष्टीवरून बॉसशी वाजलं. एरवी कॉफी पिऊन विसरले असते. त्या दिवशी डोळ्यांसमोर तो पाव आला. मी राजीनामा टाइप केला, छापला आणि सही करून बॉसच्या हातात ठेवला. मंदारला घरबसल्या भत्ता मिळतो, तर मला का नाही? पगारातून बेकारी विम्याचे पैसे माझेही कापले जात होतेच की!

घरी सांगितलं तेव्हा मंदार पाव कापत होता. त्याची सुरी थांबली.

"स्वतःहून सोडलीस? मला विचारायचंस तरी."

"तू मला विचारून बेकार झालास का?"

त्यानं एक तुकडा लोणी लावून माझ्यापुढे ठेवला. पाव उत्तम झाला होता. त्यानं तर मी आणखीच पेटले.

बॉसनं नोटिशीचा आग्रह न धरता आठवड्यात मोकळं केलं, तशी मी रोजगार कार्यालयात भत्त्यासाठी नाव नोंदवायला गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं, की नोकरी आपणहून सोडली तर जवळजवळ तीन महिने भत्ता मिळत नाही. त्याला श्पेरत्साइट म्हणतात. हां, सोडायला महत्त्वाचं कारण असेल तर गोष्ट वेगळी. तसं काही आहे का?

मी खरं ते सांगितलं. "माझा नवरा दिवसभर घरी असतो."

बाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी पेन उचललं. "त्रास देतो का तो?"

"नाही. पाव भाजतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी बाहेर पडते न पडते तोच मंदारचा फोन. त्याला नोकरी मिळाली होती, आधीपेक्षा चांगली! मी "अरे वा" म्हणाले. (दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदाचं मलाच खरं वाटलं नाही.)

तर आता घरी मी. भत्ता नाही, पोहता येत नाही आणि मी घातलेल्या सईच्या वेण्या शाळेत पोचेपर्यंत सुटतात. महिन्याभरानं त्याच बाईंचा निरोप आला, तुम्हाला तंतोतंत जुळणारी एक जागा निघाली आहे. जुळणारच. ती माझीच होती.

मान खाली घालून मुलाखतीला गेले. बॉसनं गंभीरपणे विचारलं, की आमच्याच कंपनीत का यावंसं वाटतं? मी म्हटलं, इथल्या वातावरणाबद्दल फार चांगलं ऐकलंय. त्यानं मला घेतलं, पण नियमाप्रमाणे सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर.

पहिल्या दिवशी एका नव्या सहकारी बाईंनी मला काम समजावून दिलं. आधीची बाई तडकाफडकी सोडून गेली म्हणे. जाताना कामाची सगळी माहिती लिहून गेलीये, पण कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मी ते आठवडाभर वाचतेय. बाईंचं म्हणणं अगदी खरं आहे.