मुठीतला पाव

स्नॉर्केलिंगचा मास्क लावून आम्ही पाण्यात तोंड घातलं आणि पट्ट्यापट्ट्यांचे मासे थेट माझ्या बायकोच्या गालांपाशी जमले. "आपणहून आले हो," सुमन वर येऊन म्हणाली. मला मात्र खाली गाइडची मूठ दिसली होती. तिच्यातून भिजल्या पावाचा चुरा सुटत होता.

तेव्हापासून मला या गावात सगळ्यांच्या मुठीच दिसायला लागल्या. पहिल्याच लाटेवर मी फळीवरून तोंडावर आपटलो, तरी सर्फिंग शिकवणारा म्हणाला, "तुमच्या अंगातच आहे हे." संध्याकाळी किनाऱ्यावरच्या शॅकमधल्या, म्हणजे झावळ्यांच्या हॉटेलातल्या, गायकाने आमची नावं विचारून खास आमच्यासाठी गाणं म्हटलं. माणूस उगाच इतका गोड कशाला वागेल? त्यापेक्षा समुद्र बरा. त्याने सरळ नाकातोंडात खारं पाणी भरलं.

जेवताना हे सगळं मी सुमनला सांगितलं, पावाच्या चुऱ्यासकट. सांगता सांगता माझ्या ताटातला सुरमईचा मधला तुकडा तिच्या ताटात ठेवला. असं सहसा माझ्या हातून होत नाही. तिने तुकड्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"मूठ उघडा बघू," ती म्हणाली.