दोन्हीकडचा गोलकीपर

हसनाबादजवळच्या एका गावात मी बरीच वर्षं पीटीचा मास्तर होतो. शिट्टी फुंकून माणूस थकतो म्हटलं तर हसू नका, खरंच थकतो. गावात फुटबॉल मीच आणला, म्हणजे पुढची डोकेदुखीही माझीच.

नव्वदच्या आसपास गावच्या टीमनं तालुक्याची ढाल जिंकली अन् तिथंच सगळं बिघडलं. ढाल मारुतीच्या देवळात ठेवायची का बुद्धविहारात, यावर भांडण! आठ दिवस ती माझ्याच पलंगाखाली पडून होती. शेवटी एका टीमच्या दोन टीम झाल्या, आणि गावाचं नाव लावायला दोघीही अडून बसल्या. गोलकीपर मात्र एकच. विहाराकडच्या वस्तीतला, वीटभट्टीवर कामाला जाणारा. त्याच्यावाचून दोन्हीकडं पान हलत नव्हतं.

तेव्हा मी वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात आयर्लंडच्या फुटबॉलची हकिगत वाचली होती. देशाची फाळणी झाली अन् फुटबॉलचीही झाली. दोन संघटना, दोन टीम, आणि दोघी स्वतःला आयर्लंडच म्हणवणार. वर काही खेळाडू चक्क दोन्हीकडून खेळायचे. दोन्ही टीमच्या बैठकीत मी हे रंगवून सांगितलं. गोलकीपरचे डोळे चमकले.

"मंग मला बी चालतंय की, सर. मी दोन्हीकडून खेळतो."

"बिलकुल चालतं," मी म्हणालो.

पुढचं पान मी सांगितलं नाही. तिथंसुद्धा ते पुढं बंद पाडलं होतं, खेळाडूला एकच बाजू धरायला लावली होती.

पुढच्या स्पर्धेत त्यानं सकाळी एका टीमचा गोल राखला, दुपारी दुसरीचा. दोन्ही जिंकल्या आणि फायनलला समोरासमोर आल्या. आता हा कुठं उभा राहणार? त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी रुमालानं शिट्टी पुसत बसलो. तो कुणाकडूनच उतरला नाही. देवळाकडचे म्हणाले, हा शेवटी वस्तीचाच. वस्तीतले म्हणाले, हा फितूर. त्यानंतर त्याला कुणी खेळायला बोलावलंच नाही.

दोन हजार दोनच्या जूनमध्ये स्टँडवरच्या हॉटेलात टीव्हीवर वर्ल्ड कपची आयर्लंड आणि स्पेनची मॅच लागली होती. संध्याकाळचे पाच. तो गोलकीपर आला, शेजारी बसला. शेवटच्या मिनिटाला आयर्लंडनं बरोबरी केली, तेव्हा त्यानं टेबलावर हात आपटला. पेनल्टीत आयर्लंडची टीम हरली. मग तो म्हणाला, "सर, ह्याच्यात दोन्हीकडचे हायत का?"

"न्हाई. ही एकीकडचीच. दुसरी वेगळी."

"अन् ते दोन्हीकडून खेळणारे?"

आता लपवायचाही कंटाळा आला होता. "ते लई आधी बंद झालं," मी म्हणालो.

"तुम्हाला तवाच माहीत होतं?"

"होतं."

"मंग बोलले का न्हाई?"

"दोन्ही टीमला गोलकीपर पाहिजे होता रे."

चहा थंड होऊन राह्यला होता. लाज वाटली मला, भयंकर लाज वाटली.

"सांगितलं असतं तरी मी खेळलोच असतो, सर," तो उठत म्हणाला. "पण त्या दिवशी फायनलला मी तुमच्याकडं बघून राह्यल्तो. तुम्ही नुसतं बोट दाखवलं असतं ना, त्या बाजूला उभा राह्यलो असतो."