गायीच्या मापाचा व्हॅक्यूम

व्हर्नन टेशने चाळीस वर्षं विस्कॉन्सिनमधल्या गोठ्यांतली दूध काढायची मशीनं दुरुस्त केली आणि अकरा वर्षं खपून आपल्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधलं. विमान उडायचं झकास. पण उतरलं की त्याच्या पोटाला तेल माखलेलं असे. शनिवारी सगळे हौशी विमानवाले धावपट्टीवर पॅनकेक खायला जमत आणि आधी एकमेकांच्या विमानाखाली आडवे होऊन बोट फिरवून तेल लागतंय का पाहत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

"तव्याला तेल कमी पडतंय, व्हर्नन. तुझ्या विमानाखाली वाटी धरू का?" त्याचा मित्र मायलो हौगन विचारायचा.

"काही नाही रे. इंजिनाला घाम येतो."

बायकोलाही तो हेच सांगायचा. पण लाव्हॉन बधणारी नव्हती. पोट कोरडं दिसेपर्यंत ती विमानात बसणार नव्हती, आणि व्हर्ननला एकट्याने उडण्याचा कंटाळा आला होता. दुसरी सीट त्याने तिच्याच मापाने शिवली होती.

इंजिनाच्या पोटात दाब साठतो, म्हणून तेल बाहेर येतं. तो दाब पंपाने ओढून घेतला की गळती थांबते. दूध काढायची मशीनंही अशाच ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतात; त्या बाबतीत व्हर्ननला कोण शिकवणार? त्याने पंप जोडला आणि सवयीने काटा नेऊन ठेवला तो गायीच्या सडांना लागतो त्या आकड्यावर.

विमानाचं पोट कोरडं ठणठणीत झालं. मायलोने दोनदा बोट फिरवलं, हुंगलं आणि पॅनकेक खायला गेला. पुढच्या शनिवारी लाव्हॉन डोक्याला रुमाल बांधून हजर.

व्हर्ननने इंजिन चालवून पाहिलं, बंद केलं. पंखा थांबला तशी पंख्यामागून बारीक सूं सूं ऐकू आली. सडावर मशीनचा कप नीट बसला नाही की असंच वाजतं. एवढ्या ओढीने पुढचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, आत खेचलं गेलं होतं आणि तिथून धावपट्टीची धूळ इंजिनात जात होती. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. लाव्हॉन एक पाय पायरीवर ठेवून उभी होती.

"काय झालं?"

"काही ना..." तो थांबला. "खाली उतर. गाढवपणा केलाय मी. गायीचा व्हॅक्यूम इंजिनाला लावला. आज उडायचं नाही."

मायलोने तोंड फिरवून हसून घेतलं. लाव्हॉन डोक्याचा रुमाल सोडत घरी गेली.

इंजिन उघडून साफ करण्यात, नवं सील बसवण्यात दोन आठवडे गेले. पंपाचा काटा आधीच्या चौथाईवर आला. व्हर्नन एकटाच एक फेरी मारून उतरला. पोटाखाली चार थेंब होते. ते न पुसता त्याने लाव्हॉनला बोलावलं.

"एवढं राहणार. जास्त ओढलं तर सील पुन्हा जाईल."

तिने वाकून पाहिलं. "तेलाला मी कधी घाबरले नाही. मी विचारलं की तू उडवून लावायचास, त्याची भीती वाटायची." मग ती सीटवर चढून बसली. "आता हा पट्टा कसा बांधायचा ते दाखव."