सीताबर्डीच्या हॉटेलातला उष्टा कप

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. रात्रीची वेळ, चिंचेचं झाड, पांढरी साडी, लिफ्ट मागणारी बाई… आमच्या घरातले देव छप्पन सालीच नदीत सोडले गेले. टोपल्यात भरून, डोक्यावर घेऊन माझी आत्याच गेली होती. जिथे देवच उरले नाहीत तिथे भूत कुठलं राहणार? आत्मा नाही, पुनर्जन्म नाही, हे लहानपणापासून ऐकत आलोय आणि आज सत्तरी ओलांडल्यावरही तेच मानतो. म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. आणि म्हणूनच हात जोडून विनंती — वाचून कोणी मला ‘शांती करून घ्या’ असं कळवू नये.

यात रात्र नाही, पिंपळ नाही. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि जागा होती नागपूरची सीताबर्डी, चहाचं एक हॉटेल.

आमचं गाव कामरगावपासून चार कोसांवर. आता वाशिम जिल्हा म्हणतात, तेव्हा अकोला होता. आई मी दीड वर्षाचा असताना गेली, बाप मी चौथीत असताना. मला वाढवलं ते आत्याने, बापाच्या थोरल्या बहिणीने. नाव पारबता. लहानपणीच नवरा जाऊन भावाकडे परत आलेली. निंदणं, कापूस वेचणं, मिळेल ती मजुरी करून तिने मला मॅट्रिक केलं, कॉलेजात घातलं आणि चौऱ्याहत्तर साली मी नागपूरला एका सरकारी कचेरीत क्लार्क म्हणून चिकटलो. अंगाने काडी, जिभेने कोयता. गावात तिच्या तोंडी कोणी लागत नसे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर आणि दोन बाकडी. आमच्या वस्तीतल्या माणसांचे कप वेगळे, बाहेर कुडाच्या काड्यांवर पालथे घातलेले. आपला आपण काढायचा, समोर धरायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार. पिऊन झालं की बाहेरच्या रांजणातलं पाणी घेऊन विसळायचा आणि पुन्हा पालथा घालायचा. कायदा होऊन वीस वर्षं झाली होती. पण कायदा आमच्या फाट्यावर उतरत नसे, एस.टी.त बसून सरळ पुढे जात असे.

आत्या त्या काडीवरच्या कपांना हात लावत नसे. कारंज्याच्या बाजारातून तिने स्वतःचा कप आणला होता — पांढरा, निळ्या काठाचा. फडक्यात गुंडाळून तो कायम पिशवीत. “त्याच्या कपात मी कायले पेऊ? मले का कप नाई?” असं हॉटेलवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. विसळायची मात्र. घासूनपुसून, उन्हात धरून बघायची आणि मग बांधायची. आयुष्यात तिने उष्टं भांडं कुठे ठेवलं नाही.

पंचाहत्तर सालच्या जानेवारीत, कापूस निघाल्यावर, मी तिला नागपूर दाखवायला घेऊन आलो. तशी ती एकदा येऊन गेली होती. दीक्षेला, पांढरं लुगडं नेसून, लाखो लोकांत. पण तेव्हा भाकरी बांधून आली आणि तशीच परत गेली. शहर म्हणून नागपूर तिने पाहिलंच नव्हतं.

पहिल्यांदा महाराजबाग. वाघाच्या पिंजऱ्यासमोर ती अर्धा तास उभी.

“याले का खायाले देतेत?”

“गोश्त.”

“बसल्या जागी?”

“हो.”

“मंग याले वाघ काहून म्हनता बे? हा त घरजावई हाये!” शेजारचे लोक वळून हसायला लागले. ती आणखी फुलली.

तिथून अजब बंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय. काचेच्या कपाटांत दगडी मूर्ती मांडलेल्या. तिने एकेक निरखून पाहिली आणि मला बाजूला ओढून हळूच म्हणाली, “किस्ना, आपन नदीत सोडले. या लोकायनं इथं आनून ठेवले का?” मी पोट धरून हसलो. तिचा हात धरून मी शहरभर हिंडत होतो आणि फार सुखात होतो.

दुपारी म्हणालो, चल आत्या, आज हॉटेलात बसून खायचं. सीताबर्डीच्या त्या हॉटेलात संगमरवरी टेबलं होती, भिंतीला आरसे. ती खुर्चीच्या कडेवर बसली, जणू कोणी उठवायला येणारच आहे. आलुबोंडा खाल्ला, दोसा खाल्ला. “एवढी मोठी पोई आन् आतमंदी भाजी लपवली!” म्हणाली. बाबुलाल नावाचा पन्नाशीचा वेटर होता. मी रोजचा गिऱ्हाईक, त्यामुळे तोही कौतुकाने वाढत होता. मी दोन चहा सांगितले.

चहा येताना दिसला आणि आत्याने पिशवीतून फडकं काढलं. गाठ सोडली. निळ्या काठाचा कप बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी टेबलाच्या खाली, गुडघ्याजवळ धरून म्हणाली, “वरूनच वत भाऊ. याच्यात वत.”

बाबुलाल थबकला. आजूबाजूची दोन-चार डोकी वळली. आणि नेमके त्याच क्षणी दारातून आमचे हेडक्लार्क आत आले.

कचेरीत मी कोण, कुठला हे कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आडनावावरून कळत नसे, आणि कळत नाही याचं मला बरं वाटत असे. आता लपवून काय करू… तेवीस वर्षांचा होतो. खोली भाड्याने मिळाली होती तीही त्याच जोरावर.

हेडक्लार्क टेबलापाशी आले, आत्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “काय, आई का?”

मी म्हणालो, “नाही, नाही… गावाकडची बाई आहे. आमच्याकडे कामाला असते.”

एवढंच. दोन वाक्यं.

आत्याने वर पाहिलं नाही. कप पुन्हा फडक्यात गुंडाळला, गाठ मारली. ते दोन चहा तसेच टेबलावर राहिले आणि मी तिला घेऊन बाहेर पडलो. रस्ताभर ती पिशवी पोटाशी धरून चालत राहिली. एकदा तरी शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मोटार स्टँडवर खिडकीत बसल्यावर म्हणाली, “वाघ मस्त होता.” मग जरा वेळाने, “चा राह्यला तेवढा.”

मी म्हणालो, “पुढच्या खेपेले पिऊ आत्या. तिथं आपला कप न्या लागत नाई. सगळ्यायले एकच कप असतेत. विसळा बी लागत नाई. पिऊन तसाच ठेवून उठा लागते.”

“उष्टा?”

“हो.”

“मंग विसळते कोन?”

“त्यायचा मानूस.”

तिला हसू आलं. “अस्सं! मंग एकडाव ठेवूनच पाहा लागते.” गाडी सुटली. मी माफी मागायला हवी होती. तोंडाशी आलेलं तसंच राहिलं, कारण मला वाटलं, पुढची खेप आहेच.

पुढची खेप मी ढकलत राहिलो. कधी रजा नाही, कधी खोली लहान. खरं कारण होतं लाज, आणि आता ती तिची नव्हती, माझी मला वाटत होती. तिच्यासमोर कोणतं तोंड घेऊन उभं राहायचं? शेवटी जुलैत पत्र टाकलं — पोळ्याला येतो, तुला घेऊन जातो, आपण दोघं त्याच हॉटेलात चहा पिऊ. तिला वाचता येत नव्हतं. शाळेचे गुरुजी वाचून दाखवायचे.

पत्र टाकल्याला आठ-दहा दिवस झाले असतील. वार शनिवार, अर्ध्या दिवसाची कचेरी. साडेअकराला हेडक्लार्क म्हणाले, चला, चहा मारून येऊ. आम्ही दोघं त्या हॉटेलात शिरलो. बाहेर पाऊस थांबून ऊन पडलं होतं.

बाबुलाल लगबगीने पुढे आला. “साहब, थोडी देर कर दी आपने. आपकी आत्या अभी अभी गई.”

मला वाटलं तो दुसऱ्या कोणाबद्दल बोलतोय. “कोण आत्या?”

“अरे वो ही ना, जो आपके साथ आई थी, अपना कप लेके. आज तो खाली हात थी. मैंने पूछा, माताजी, कौन हो साहब की? तो बोली, मी त्याची आत्या हावो. दो बार बोली. मी त्याची आत्या हावो, म्हने.” बाबुलाल हसला. “बोली, चा दे. मैंने दिया. आराम से पी, बशी में डाल के, पूरी कुर्सी पे टेक के बैठी थी. फिर कप उठा के चली धोने को! मैं चिल्लाया, माताजी, रहने दो. तो रुक गई, हँसने लगी. वापस आ के कप टेबल पे रख दिया, और गई.”

टेबल तेच होतं, आरशाखालचं. त्यावर हॉटेलचा जाड पांढरा कप आणि बशी. कपाच्या तळाशी घोटभर चहा. मी बोट लावून पाहिलं — कोमट होता.

मी दारात धावलो. रस्त्यावर माणसंच माणसं. मोटार स्टँडच्या दिशेने चौकापर्यंत पळालो. ती नव्हती. परत आलो तेव्हा हेडक्लार्क अजून उभेच होते. त्यांनी विचारलं, “कामाची बाई म्हणाला होता ना?”

“नाही,” मी म्हणालो. “माझी आत्या आहे. तिनंच वाढवलंय मला. आम्ही…” आणि पुढचंही सगळं सांगितलं. कोणत्या वस्तीत राहतो, तो कप कशासाठी होता, सगळं. हॉटेलात लोक ऐकत होते. हेडक्लार्क म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं हो. नाक तुमचं तिचंच आहे.”

कचेरीत परतलो तर टेबलावर तार होती. आत्या गेली, लगेच निघा.

संध्याकाळी उशिरा गावी पोचलो. ती सकाळी नऊच्या सुमारास गेली होती. आजारी नव्हती. शेजारच्या सुमनबाईने रडत रडत सांगितलं, “चा घेऊन गेली मी तिच्याकडं. त म्हने, ठेव वं, आज मी हॉटेलात पेतो. किस्नाचं पत्र आलं. मी म्हनलं, बुढीले पोळ्याची घाई झाली! पदर घेऊन खाटेवर आंग टाकलं, त मंग उठलीच नाई.”

नवाला गेली. साडेअकराला कोमट चहा. मधे सव्वाशे मैलांचं अंतर आणि दुपारपर्यंत नदीला पूर.

कोनाड्यात निळ्या काठाचा कप होता, फडक्यात बांधलेला. गाठ जुनी होती, बऱ्याच दिवसांत न सोडलेली.

इतकी वर्षं मी याच्यावर डोकं आपटतोय. दुसरी कोणी वऱ्हाडातली म्हातारी असेल का? असेल. बाबुलालची ओळखण्यात चूक? असेल. पण ‘मी त्याची आत्या हावो’ हे त्याला कोणी शिकवलं? मी तर त्याच्यासमोर तिला कामाची बाई म्हटलं होतं. माझ्या मित्रांनी, आमच्यातल्या चांगल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांनी निरनिराळी स्पष्टीकरणं दिली. एकही मला पटलं नाही, आणि आत्मा होता असं म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही. तिला स्वतःला ते आवडलं नसतं. कशी आली ते मला माहीत नाही. का आली ते माहीत आहे, आणि झोप लागत नाही ती त्याच्यामुळे.

एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी, तार वाचून, गाडी पकडायच्या आधी मी पुन्हा त्या हॉटेलात धावत गेलो होतो. मला तो कप हवा होता. विकत मागणार होतो.

टेबलावर दुसरी माणसं बसली होती. बाबुलालला विचारलं तर त्याने मोरीकडे हात दाखवला. तिथे एक माणूस उकिडवा बसून भांडी विसळत होता. त्याच्या पुढ्यातल्या टोपलीत चाळीस-पन्नास कप पडले होते, सगळे सारखे, जाड, पांढरे. मी वाकून बराच वेळ पाहत राहिलो. त्यातला तिचा कुठला, ते काही ओळखू आलं नाही.