सिद्रामचा माग आणि पूर्णिमाचा कॅमेरा

वडगावच्या सिद्रामला कोणी विचारलं, घरी कोण कोण असतं, तर तो म्हणायचा, "मी आन माग." हे तो अशा थाटात सांगायचा की ऐकणारा हसायचा, आणि ते खरंच तसं आहे हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

पूर्वी त्याच्या घरात चार पॉवरलूम खडखडत. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचंच, त्यामुळे अख्ख्या घराला मोठ्यानं बोलायची खोड लागलेली. बायको जयवंता सुताच्या कांड्या भरता भरता शेजारणीशी भांडायची ते चार घरांना ऐकू जाई. ती गेली त्या वर्षी सिद्रामनं लूम विकले. बापाच्या वेळचा एक हातमाग तेवढा, पाय सोडून बसायच्या त्याच्या खड्ड्यासकट, उरला, कारण तो फुकट न्यायलाही कोणी तयार नव्हतं. घर असं गप्प झालं की सिद्राम स्वतःच्या खोकल्यानं दचकायचा.

एकुलती एक लेक पूर्णिमा बेंगळूरला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. मागच्या श्रावणात नागपंचमीला आली आणि बापाच्या कपाळावरचं टेंगूळ बघून तिचा जीव वरखाली झाला. मागाच्या खड्ड्यातून वर येताना तो पडला होता आणि तासभर तसाच बसून राहिला होता. तिनं आपल्या नावावर इंटरनेट घेतलं, मागासमोरच्या भिंतीवर एक छोटा कॅमेरा ठोकला आणि राउटरमध्ये काहीतरी खटपट करून तो बेंगळूरच्या फोनवर दिसेल असं केलं. ही सोय राउटरमध्ये मुळातच होती, फक्त चालू करायची होती.

"आप्पा, आता मी तिकडनं बघत असणार. हिरवा दिवा हाय न्हवं, तो असला की कॅमेरा चालू," असं सांगून ती गेली.

तेव्हापासून सिद्रामचं वागणंच बदललं. जन्मभर बनियनवर माग चालवणारा माणूस सकाळी नऊला अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून मागावर बसू लागला. गोळ्या घ्यायच्या त्या आधी कॅमेऱ्याला दाखवून. दुपारी जेवायला बसायचा तो कॅमेऱ्याकडं तोंड करून, आणि जेवण झालं की ताट उचलून दाखवायचा, बघ, काही टाकलेलं नाही. शाळेतल्या पोरासारखं हे सगळं चाललेलं, पण त्यात तो सुखी होता. कोणीतरी आपल्याला बघतंय, एवढ्यावर माणूस किती नीटनेटका राहतो हे त्याचं त्यालाच नवल वाटे.

खंडेनवमीला मागाची पूजा झाली आणि त्यानं पूर्णिमासाठी मागावर साडी विणायला लावली. डाळिंबी रंग, हिरवा काठ. हात आता पूर्वीसारखे चालत नव्हते, दिवसाला चार बोटं विणून होत. सुरुवात पदरापासून, आणि तिथंच अडचण आली. पदराची नक्षी विणताना सुलट बाजू खाली असते, विणकराला वरून दिसते ती उलटी, धाग्यांची नुसती गिचमिड. कॅमेऱ्यालाही तीच दिसणार. लेकीला उलटा पदर कसा दाखवायचा? मग त्यानं दाढीचा आरसा मागाखाली तिरका लावला, कॅमेऱ्याच्या रोखानं, म्हणजे सुलट नक्षी तिला आरशात दिसावी. दाढी नळापाशी चाचपडत उरकू लागला आणि गालाला रोज एक नवा ओरखडा.

रविवारी सकाळी तिचा फोन यायचा.

"पदर बघितलास न्हवं?"

"बघितला की आप्पा. लई झ्याक आलाय."

"आन मी?"

"तुम्ही बी बरे दिसताय."

पुढचा आठवडा त्याला एवढं पुरायचं.

संक्रांत झाली आणि रस्त्याच्या खोदाईत इंटरनेटची केबल तुटली. हिरवा दिवा तसाच होता, पण राउटरवर लाल दिवा बघून सिद्राम हवालदिल झाला. साडी संपत आलेली, उरलेली लेकीला दिसणार नाही म्हणजे काय! तीन दिवस फोनावर फोन केल्यावर कंपनीचा सिद्धेश आला. काकतीचा, दोन पोरींचा बाप, शांत माणूस. त्यानं रस्त्यावरची केबल जोडली, आत येऊन राउटर तपासला आणि चहा घेतला.

"आता बेंगळूरला दिसाय लागलो न्हवं मी?" सिद्रामनं केस नीट करत विचारलं.

सिद्धेशनं कॅमेऱ्याकडं बघितलं, मग आपल्या फोनवर काहीतरी चाळलं. "अण्णा, ह्यो बाहेरनं दिसत न्हाय."

"केबल जोडलास न्हवं?"

"केबलचं न्हाय. राउटरमधली ती सोयच कंपनीनं बंद केलीया. सगळ्यांचीच. घरातनं बाहेर जायची वाट चालू हाय, बाहेरनं आत यायची बंद. दसऱ्याच्या आधी आठ दिवस झालं बघा ते."

"आन दिवा?"

"दिवा कॅमेऱ्याचा. त्याला काय, वीज असली की लागतोय."

राउटर ठेवायचा आपल्या घरात, वीज जाळायची आपली, धूळ पुसायची आपण, आणि आत काय चालू राहावं ते ठरवायचं कंपनीनं. तेही न विचारता. पण सिद्रामला त्या घडीला कंपनीचा राग आला नाही. तो मनात दिवस मोजत होता. दसऱ्याच्या आधी आठ दिवस. म्हणजे साडीचा एक धागाही पूर्णिमानं बघितलेला नव्हता.

"तिला ठावं असंल?"

सिद्धेशनं कप खाली ठेवला. "उघडून बघितलं असंल तर कळलं असणारच. काळं दिसतंय नुसतं." मग घाईनं म्हणाला, "अर्ज केला तर परत चालू करून देत्यात. पर कनेक्शन ताईंच्या नावावर हाय, त्यांनीच सांगाय पायजे."

म्हणजे चालू करून घ्यायचं तर तिला सांगायला हवं, आणि सांगितलं की रविवारचं ते "बरे दिसताय" उघडं पडणार. न सांगावं तर कोणी बघत नाही हे कळून रोज ताट उचलायचं कसं? सिद्रामनं त्या आठवड्यात मागाला हात लावला नाही. जेवण दोनदा केलंच नाही. ते कोणाला दिसलं नाही.

रविवारी फोन आला. त्यानं गप्प राहायचं ठरवलं होतं. पण तिनं "बरे दिसताय आप्पा" म्हटलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पूर्णी, बघाय जमत न्हसंल तर नगो बघूस. पर बघत्ये म्हणून सांगत जाऊ नगंस. लई लागतंय गं ते."



"पहिल्यांदा रोज बघत होते आप्पा," ती म्हणाली. "दुपारी डबा उघडला की तुम्हाला बघायची. तुम्ही एकटेच जेवत बसलेले, आन मग ताट उचलून दाखवायचा. माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाय. मग ते बंद पडलं. मला लगेच कळलं आप्पा. कंपनीला सांगायला पायजे होतं, सांगितलं न्हाय. सुटल्यावाणी वाटलं मला."

सिद्रामनं तिला सदरा दाखवला होता, गोळ्या दाखवल्या होत्या, सगळं ठीक आहे म्हणून दाखवलं होतं. तिला दिसला होता तो जसा होता तसा.

ती रडत होती. "आजच अर्ज करते. उद्या चालू व्हईल."

आठवडाभर त्याला हेच हवं होतं. आता नुसतं व्हय म्हणायचं होतं.

"नगो," तो म्हणाला. "खरं सांगू? मला बी त्यो कॅमेरा नकोच हुता. मोकळेपणी आंग खाजवायची बी चोरी झालती घरात."

नाक ओढत ती हसली. "खरंच आप्पा?"

"खरंच की," सिद्राम म्हणाला, आणि लेकीशी असं सफाईनं खोटं बोलता येतं हे त्याला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.