दादाच्या गाडीचे ब्रेक

दादाची गाडी अंगणात येऊन उभी राहिली त्या दिवसापासून माझं पोट दुखत होतं. दादा मुंबईला गोदीत बऱ्या हुद्द्यावर. साहेबाची जुनी मोटार त्याने विकत घेतली आणि पौषातल्या जत्रेसाठी स्वतः चालवत मालवणला आणली. एकसष्ट की बासष्ट साल असेल. बाबा ओटीवरून उठून पार पायरीपर्यंत गेले. मी वेंगुर्ल्याला काजूच्या लॉरीवर काम करून, लायसन खिशात घालून घरी परतलो होतो तेव्हा ते बसल्या जागचे हलले नव्हते. "इलंस?" एवढं म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

बाजारात कोणी भेटलं की बाबा गाडीच्या टपावर हात ठेवून सांगायचे, "थोरल्याची गाडी. मुंबयसून हाडल्यान." मी बाजूलाच पिशव्या घेऊन उभा. कोणी विचारलंच तर, "हो धाकटो. घराकडेच आसता." घराकडेच म्हणजे काय, तर माड शिंपणं, नारळ पाडून घेणं, खोबरं वाळवून घाण्यावर नेणं आणि रात्री बाबांचे पाय चेपणं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच कोणीतरी म्हटलं असावं.

मग गाडी सकाळची अडायला लागली. दादा इंजिन सुरू करायचा, गिअर टाकायचा आणि गाडी नुसती कण्हायची. आम्ही मागून ढकलली तरी दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी जागची हलायची नाही. दुपारी मात्र तीच गाडी काही झालंच नाही अशी चालायची. दादा म्हणाला, थंडीने इंजिन आखडतं. मी म्हटलं, इंजिन ठीक आहे, ब्रेक धरून बसलेत. मला फार बरं वाटत होतं. इतके दिवस मुंबईच्या गोष्टी सांगणारा माणूस आपल्याच गाडीपुढे डोकं खाजवत उभा होता.

दादाने जाहीर केलं, "जो गाडी बरी करीत, तोच बाबांका घेवन जत्रेक जायत. माका काय, मिया पाठच्या शिटीर बसान."

त्या शब्दाने माझी झोप उडाली. मी स्टिअरिंगवर, बाजूला बाबा, आणि गाडी भर बाजारातून हळूहळू चाललेली. माझ्याविषयी त्यांना कोणाला काही सांगावंच लागणार नाही, लोक डोळ्यांनी बघतील. मला बाकी काही नको होतं. गाडीसुद्धा नको होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी गाडी उचलून खाली चिरे लावले आणि चाकं हाताने फिरवून बघितली. चारही घट्ट. हँडब्रेकची तार सैल केली, फरक नाही. एकच चाक धरत असतं तर दोष त्या चाकात शोधला असता. चारही धरतात म्हणजे दुखणं वरून येत होतं. पायाने ब्रेक दाबला की तेल नळीतून चाकापर्यंत जातं आणि पट्टे ड्रमवर दाबतं. पाय काढला की ते तेल मागे परतायला हवं. ते परतत नसेल, तर चाकाजवळचा छोटा स्क्रू सैल केल्यावर तिथून पिचकारी उडते. मी स्क्रू सैल केला. काही उडालं नाही. चार वेळा पेडल दाबलं तेव्हा त्या भोकातून पांढरी, घट्ट शेव बाहेर आली.

बोटावर घेऊन वास घेतला. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पौषात सकाळी डोक्याला तेल लावायचं तर बाटली आधी उन्हात ठेवावी लागते. ब्रेकच्या नळ्यांत खोबऱ्याचं तेल गोठून बसलं होतं. दुपारी ऊन लागलं की ते पातळ व्हायचं आणि गाडी सुटायची.

मला इतका आनंद कधी झाला नसेल. दादाने घातलं, दुसरं कोण घालणार? मोटारवाला दादा, मुंबईचा दादा, आणि ब्रेकमध्ये खोबरेल. ते बोट तसंच घेऊन मी ओटीवर गेलो. ही गोष्ट बाबांनी सगळ्यांच्या आधी ऐकायला हवी होती, आणि माझ्याच तोंडून.

"दादान काय केल्यान बघा," मी म्हटलं. "ब्रेकात खोबऱ्याचा तेल घातल्यान."

बाबांनी बोटाकडे बघितलं. अडकित्ता खाली ठेवला.

"ता मिया घातलंय," ते म्हणाले.

झालं होतं असं. आल्या आल्या एका संध्याकाळी दादाने डब्यातलं ब्रेकचं तेल भरताना सहज सांगितलं होतं, हे कमी झालं तर गाडी थांबायची नाही. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. दादा रोज धक्क्यावर फिरायला गेला की हे गुपचूप पुढचं झाकण उघडून बघायचे, आणि जेवढं कमी दिसेल तेवढं भरायचे. देवाच्या दिव्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं, घाण्यावरचं पहिलं तेल.

"तेल म्हणजे तेल, असा वाटला माका. त्याच्या गाडयेक बाजारातला कित्याक घालूक होया?"

माझ्या सायकलच्या साखळीला मी एकदा त्यातलंच चमचाभर मागितलं होतं. तेव्हा म्हणाले होते, जळकं तेल घाल. मी ते बोलून दाखवलं नाही, बोट तेवढं पुसून टाकलं. सत्तरीला टेकलेला माणूस रोज संध्याकाळी चोरपावलांनी त्या गाडीपाशी जायचा. माझ्यासाठी तो कुठवर चालत आला असता?

"त्याका सांगू नको," बाबा म्हणाले.

"मगे काय सांगू?"

"मिया घातलंय म्हणान सांग. तुका तो बोलात आणि विसरात. माझा कळला तर हसात. मुंबयत जावन सांगात, बापाशीक काय कळणा नाय."

ते माझ्याकडे बघत नव्हते. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे कामं पुष्कळ मागितली होती, असं काही कधी मागितलं नव्हतं. मी बरं म्हटलं.

संध्याकाळी दादाला सांगितलं, तेल मीच घातलं. तो उसळला.

"लॉरयेर काम केलेलो माणूस तू, आणि ब्रेकात खोबरेल घालतंस? आता ह्या गाडयेच्या स्टिअरिंगाक हात लावू नको हां. बाबांका नेवन माडार आपटशीत."

बाबा ओटीवरच होते. सुपारी कातरल्याचा आवाज एकसारखा येत होता.

गाडी मात्र मीच दुरुस्त केली. सगळं तेल काढलं, नळ्या स्पिरिटने धुतल्या. आतली रबरं फुगून बसली होती. एसटीच्या ड्रायव्हरला सांगून कोल्हापूरहून नवी रबरं आणि ब्रेकचं खरं तेल मागवलं. दादा पेडल दाबत होता, मी खाली उताणा पडून नळीतली हवा काढत होतो. तो दर वेळी विचारायचा, "आता तरी बरोबर तेल घातलंस मरे?" आणि मी हो म्हणायचो.

जत्रेच्या दिवशी भल्या पहाटेची थंडी होती. गाडी पहिल्याच झटक्यात अलगद निघाली. स्टिअरिंगवर दादा, बाजूला पांढरी टोपी घातलेले बाबा. मागची सीट रिकामी होती, पण मला बस असं कोणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. जाताना बाबांनी काच खाली केली.

"फाटक लावन घे रे. गुरां शिरतली."

मी फाटक लावलं. पुढच्या वळणावर दादाने ब्रेक दाबला, मागचा तांबडा दिवा लागला आणि लगेच विझला. चाकं सुटी झाली, गाडी वळली. काम चोख झालं होतं. बाबांनी मागे वळून बघितलं नाही.