माझ्या तबकडीतली उस्तादांची फुंक

नगरच्या ज्या बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवायचो, तिथे एक नियम देवासारखा पाळला जायचा. वरात चालू असताना धून तुटता कामा नये. पुढच्याचा दम संपला, ओठ सुटले, कुणी तोंडावर गुलाल उधळला, तरी शेजारच्याने न सांगता धून उचलायची. कोण थांबलं आणि कोण सुरू झालं, हे नवरदेवाला काय, त्याच्या घोड्यालाही कळायचं नाही. आमचे उस्ताद यात मुरलेले होते आणि आम्हालाही त्यांनी तसंच मुरवलं होतं.

मला मात्र एकदा तरी माझं एकट्याचं काहीतरी हवं होतं. लग्नात लोक सिनेमातली गाणी मागायचे. माझ्या स्वतःच्या धुना मी माझं सायकलचं दुकान बंद केल्यावर आतल्या आत वाजवायचो, ऐकायला फक्त टांगलेल्या रबरी ट्यूबा. दुष्काळाच्या वर्षी लग्नं पातळ झाली, बँड नुसता बसून होता. तेवढ्यात कळलं, पुण्याचा एक रेकॉर्डिंगवाला भजनं टेप करायला नेवाशाला चाललाय. वाटेत अर्धा दिवस थांबून तो माझ्या धुनांची छोटी तबकडी करून द्यायला तयार होता. वर वादक म्हणून फक्त माझं नाव. मी आठवडाभर जमिनीवर नव्हतो.

साथीला बँडातलेच मित्र आले. केडगावचा ढोलवाला सायकलच्या कॅरिअरला ढोल बांधून आला. रेकॉर्डिंगसाठी चर्चच्या शाळेचा हॉल मिळाला होता; बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून ट्रंपेटवाल्याने घरच्या गोधड्या आणून त्याच्या खिडक्यांना टांगल्या. उस्तादांना बोलवायला मी कचरत होतो, ते आपणहूनच क्लॅरिनेट घेऊन आले. "मी खाली नुस्ता सूर धरतो," ते म्हणाले. "तुझ्या आडवा येनार न्हाई."

पहिली पंचाईत खुर्च्यांची झाली. आम्ही जन्मभर चालत वाजवणारे. बसल्यावर ढोलाची लय अशी ढेपाळली की रेकॉर्डिंगवाल्याने कपाळाला हात लावला. मग उभे राहिलो, तर पाय आपोआप चालू लागले आणि सगळा बँड माइकपासून दाराकडे निघाला. शेवटी त्याने आम्हाला चपला काढायला लावल्या आणि जागच्या जागी पाय हलवायची परवानगी दिली. हसून हसून निम्मा वेळ गेला.

शेवटची धून सगळ्यात संथ आणि माझी सगळ्यात लाडकी होती. ती वाजवायला उभा राहिलो तेव्हा टेप संपत आली होती आणि रेकॉर्डिंगवाल्याचं लक्ष नेवाशाच्या एसटीकडे होतं. सुरुवात चांगली झाली. मधल्या उंच जागेवर पोचलो आणि घशाला एकदम कोरड पडली. श्वासच येईना. मी थांबलो. संपलं सगळं, असं वाटलं.

पण धून थांबलीच नाही. उस्तादांनी धरलेला सूर सोडला आणि ती उंच जागा सहज उचलली. ते डोळे मिटून पुढे पुढे गेले. मला परत शिरायला जागाच मिळाली नाही. शेवटपर्यंत तेच वाजवत राहिले. "फर्स्ट क्लास," म्हणत रेकॉर्डिंगवाल्याने मशीन बंद केलं. पुन्हा करण्याइतकी टेपही नव्हती आणि वेळही नव्हता.

माझं डोकं फिरलं. "उस्ताद, माझ्या तबकडीत तुम्ही कशाला वाजवलंत?"

"अरं, तू थांबलास की! मग काय वरात उभी करायची?"

"इथे वरात कुठाय?"

त्यांनी हॉलभर पाहिलं. गोधड्या, रिकाम्या खुर्च्या, अनवाणी आम्ही. "व्हय की रं," ते म्हणाले. ढोलवाला फिस्सकन हसला. मी हसलो नाही. नंतर कित्येक दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

तबकड्या आल्या तेव्हा नाव माझंच होतं. ट्रंपेटवाल्याच्या मेहुण्याकडे ग्रामोफोन होता, तिथे आम्ही सगळे जमलो. उस्ताद कोपऱ्यात मांडी घालून बसले. संथ धून लागली आणि ती उंच जागा आली. उस्तादांची मान डोलायला लागली.

"वा! हितं तू लई ग्वाड वाजिवलंस," ते म्हणाले. "मी कुठनं शिरलो ते कळत बी न्हाई."

"उस्ताद, हे तुम्हीच आहात."

"खुळा का काय!"

"आईशप्पथ. इथून पुढे सगळं तुम्हीच."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेष्टा करतोय का, हे ताडत असावेत. आजवरच्या सगळ्या वराती गल्लीतून पुढे निघून गेल्या होत्या आणि उस्तादांनी वाजवलेलं सगळं त्या वरातींबरोबर गेलं होतं. स्वतःची फुंक त्यांच्या कानावर कधी पडलीच नव्हती. माझा राग कुठल्या कुठे गेला. तिथेच त्यांना मिठी मारावी असं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती.

"परत लाव," ते म्हणाले.

मी पिन मागे नेली. या वेळी ते मान न हलवता शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग अगदी हळू आवाजात, जणू दुसऱ्या कुणाबद्दल विचारावं तसं, त्यांनी मला विचारलं, "मी असा वाजिवतो व्हय?"

"असंच वाजवता, उस्ताद," मी म्हणालो.